परदेशी मैदानाचा उंबरठा

सुनील छेत्रीने भारतासाठी नव्वदहून अधिक आंतरराष्ट्रीय गोल केले. परदेशी क्लबांकडून तो खेळलेले स्पर्धात्मक सामने मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. ‘आपला दर्जाच तेवढा’ असे म्हणून हा विषय बहुधा मिटवला जातो. दर्जाचा प्रश्न खोटा नाही. पण परदेशी गेलेल्या भारतीय खेळाडूंच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा मला वेगळेच काही दिसले. करार हा नुसता उंबरठा असतो. खरा प्रश्न मैदानावर मिळणाऱ्या मिनिटांचा असतो, आणि ती मिनिटे केवळ पायातल्या कसबावर ठरत नाहीत.

सुरुवात कोलकात्यापासून करावी लागते. मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोला गेला आणि सेल्टिक क्लबकडून दोन सामने खेळला, तेही बुटांऐवजी पायांना पट्ट्या बांधून. दोन्ही शहरे तेव्हा एकाच साम्राज्यात होती, त्यामुळे आजच्यासारखी परवान्याची भिंत त्याच्यापुढे नव्हती. ‘खेळता येते का?’ एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्याने मैदानात दिले. घराच्या ओढीने तो परतला. त्याला कोणी परत पाठवले नाही.

छेत्रीला हा प्रश्न विचारलाच गेला नाही. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला करारबद्ध केले, पण ब्रिटनमध्ये वर्क परमिट नाकारले गेले. त्या काळच्या निकषांनुसार खेळाडूचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरांत असावा लागे. भारताचे आजवरचे सर्वोत्तम स्थान ९४वे, तेही १९९६ मधले. असामान्य गुणवत्तेच्या आधारावर अपील करता येई, पण मूळ मोजपट्टी देशाला लावलेली होती. खेळाडू कितीही पुढे गेला, तरी त्याच्या पाठीवर सबंध देशाच्या फुटबॉलचे ओझे होते.

परवाना मिळाला म्हणजे सगळे सुटते असेही नाही. २०१० मध्ये छेत्री अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला. तिथल्या लीगमध्ये प्रत्येक संघाला परदेशी खेळाडूंसाठी मोजक्याच जागा असतात. त्यामुळे परदेशी खेळाडूची तुलना स्थानिक पोराशी होत नाही. त्याच पैशात, त्याच जागेवर आणता येईल अशा जगातल्या इतर कोणाशीही होते. शिवाय त्या वर्षी या लीगची राखीव संघांची स्पर्धा बंद होती. मुख्य संघात जागा नाही म्हणजे सामनाच नाही. केवळ सराव करून स्ट्रायकरची धार टिकत नाही.

२०१२ मध्ये तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबच्या ‘ब’ संघात दाखल झाला. तेव्हा तो २८ वर्षांचा होत होता. असे ‘ब’ संघ मुख्यतः अकादमीतली अठरा-वीस वर्षांची मुले घडवण्यासाठी असतात. त्या हंगामात एरिक डायर याच संघात वाढत होता. अशा मुलाला दिलेली मिनिटे ही क्लबची गुंतवणूक असते. अठ्ठावीस वर्षांच्या पाहुण्याच्या बाबतीत तो हिशेब बसत नाही. २०१३ मध्ये छेत्री उसनवारीवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि त्या संघासोबत आय-लीग जिंकला. घरी उपयोगी ठरणारा खेळाडू लिस्बनमध्ये बाकावर का होता, याचे निदान अर्धे उत्तर तरी वयाच्या या हिशेबात आहे.

याउलट गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला तो बाविशीत. लीगमधला पहिला सामना मिळायला २०१६ उजाडले; त्याच वर्षी तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही खेळला. ही वाट पाहणे त्याला परवडले, कारण वय हाताशी होते.

मिनिटांचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते महिला फुटबॉलमध्ये. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये ग्लासगोच्याच रेंजर्सकडे गेली आणि त्याच वर्षी तिने तिथे गोलही केला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात उतरली. त्या वर्षांत आपली इंडियन विमेन्स लीग जेमतेम काही आठवड्यांत उरकत असे. पुरुष खेळाडू घरचे सामने सोडून परदेशी बाकावर जात होते. या दोघी घरी जे फारसे नव्हतेच, ते शोधायला गेल्या. भरगच्च हंगाम हेच त्यांच्यासाठी परदेशाचे मोठे आकर्षण असणार.

ब्रिटनमध्ये २०२१ पासून गुणांची पद्धत आली. तिच्यातही राष्ट्रीय संघाचे स्थान आणि मैदानावरची मिनिटे मोजली जातातच. म्हणून एखाद्या भारतीयाने परदेशी करार केल्याची बातमी वाचताना क्लबचे नाव किती मोठे, यापेक्षा दोन साधे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात: त्याचे वय काय, आणि त्या संघाला त्याला खेळवण्याची गरज किती? या प्रश्नांची उत्तरे विशीच्या आत शोधायची, तर ती तयारी इथल्या मैदानांवर, इथल्या लांब हंगामांत व्हायला हवी.