चाळीस फुटांची सासनकाठी आणि दिवसाची लांबी

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जातो आणि ‘चांगभलं’च्या गजरात सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, नाचू लागतात. हिशेबासाठी एक काठी घेऊ: लांबी 12 मीटर, म्हणजे जवळपास 40 फूट; वजन 40 किलो; जाडी सगळीकडे सारखी.

तिच्या शेजारी आजोबांची एक मीटरची, अर्ध्या किलोची काठी ठेवा. वजनात फरक 80 पटींचा. बुंध्याभोवती कलताना मात्र गाठ पडते जडत्व आघूर्णाशी, म्हणजे फिरण्याला होणाऱ्या विरोधाच्या मापाशी, आणि त्यात लांबीचा वर्ग होतो. वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, भागिले तीन: सासनकाठीचं उत्तर 1,920, आजोबांच्या काठीचं 0.17. फरक थेट साडेअकरा हजार पट! शेंड्याला दोन किलोचं निशाण बांधलं, तर वजन वाढतं 5 टक्के, आघूर्ण 15 टक्के.

हीच लांबी नाचवणाऱ्याला सांभाळून घेते. टोकावर उभी केलेली पेन्सिल एका अंशावरून दहा अंशांपर्यंत कलायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेते. सासनकाठी पावणेतीन सेकंद. तेवढ्यात पाऊल सरकवता येतं, काठीला बांधलेला दोर ताणता येतो. दहा अंश कललेली काठी बुंध्यापासून दीड मीटरवर धरून थोपवायची, तर 28 किलोंचा आडवा जोर लागेल. दहा मीटर उंचीवर बांधलेल्या दोराची आडवी ओढ चार किलोंची असली तरी भागतं. म्हणून दोर वर बांधतात.

पण काठी सुटलीच, तर जमिनीला टेकताना शेंड्याचा वेग ताशी 68 किलोमीटर! तेवढ्याच उंचीवरून सोडलेला दगड 55वरच राहतो.

आता अक्ष बदला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, आणि आडवी काठी उभी केली की तिचा मध्य त्या अक्षापासून थोडा लांब जातो. तेवढ्यानं पृथ्वीच्या आघूर्णात त्याच मापानं 280 कोटींची भर पडते. पण तिचं मूळ आघूर्ण म्हणजे आठावर 37 शून्यं. आघूर्ण वाढलं की फिरणं मंदावतं, दिवस लांबतो. अशा शंभर काठ्या विश्वाच्या जन्मापासून, 1,380 कोटी वर्षं, उभ्याच असत्या, तर आजवर जमा झालेला उशीर किती? सेकंदाचा सुमारे दीड अब्जांश.

यात्रेला उशीर झाला, तर दोष काठ्यांना देता येणार नाही.