अव्वांचे पाय आणि भूमध्य समुद्र

आपल्या भागातल्या माणसांना समुद्राचं अप्रूप नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की वेंगुर्ला, शिवाय कारवार आहेच. डबा, चटई आणि मुलांचे जादा कपडे गाडीत टाकले की तयारी झाली. समुद्र युरोपातला असला की मात्र सगळी शक्ती व्हिसाच्या कागदांत खर्च होते आणि किनाऱ्याचा विचार करायला कोणाला सवडच उरत नाही.

आमची थोरली मुलगी दक्षिण फ्रान्समध्ये, सोफिया आंतिपोलिस इथं नोकरीला आहे. नीस आणि कान या दोन शहरांच्या मधली ही तंत्रज्ञानाची वसाहत. येत्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जायचं ठरवलं. प्रश्न होता सासूबाईंचा. वय शहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. त्यांना हुबळीला नणंदेकडे ठेवावं, असं यांचं मत. आठवडाभर घरात हीच चर्चा. अव्वांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "काल तोय्सिद्र साकु." पाय भिजले तरी पुरे! त्यानंतर मी वही काढली आणि त्यांच्या पायांपासूनच बेत आखायला घेतला.

पहिली गोष्ट महिन्याची. आपल्याकडे सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. पण नीसजवळच्या समुद्राचं पाणी मे महिन्यात जेमतेम १७-१८ अंश असतं. गोव्याच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाला त्यात पाय घालवणार नाही. ऑगस्टमध्ये ते २४-२५ अंशांपर्यंत चढतं आणि सप्टेंबरातही बरंच टिकतं. गंमत पाहा, पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तिकडे कोरडा उन्हाळा आणि पोहण्याचा ऐन हंगाम! जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि उन्हाचा तडाखा फार, म्हणून आम्ही सप्टेंबरचा पहिला आठवडा धरला.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. नीसचा प्रोमेनाद देझांग्ले हा सुमारे सात किलोमीटरचा समुद्रालगतचा रस्ता फोटोत फार देखणा दिसतो. पण खाली वाळू नाही, गोटे आहेत. अनवाणी चालताना तरण्याताठ्यांचेही पाय पोळतात नि टोचतात. शिवाय पाणी चार पावलांत खोल होतं. तिथं रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट हवेतच. म्हणून अव्वांसाठी मी दोन वाळूचे किनारे निवडले. एक आंतिबचा सालिस किनारा, मुलीच्या घरापासून जवळ. दुसरा नीसच्या शेजारचं व्हिलफ्रांश. नीसहून लोकल गाडीनं दहा मिनिटांच्या आत पोहोचता येतं, स्टेशनला लागूनच किनारा आहे आणि उपसागर आडोशाचा असल्यानं लाटाही बेताच्या.

नीसमध्येच उतरायचं असेल, तरी सोय आहे. कारास आणि सांतनेर या सार्वजनिक किनाऱ्यांवर अधू माणसांसाठी खास व्यवस्था असते. मोठ्या चाकांची, पाण्यावर तरंगणारी खुर्ची मिळते आणि मदतनीस माणसाला तीत बसवून थेट पाण्यात नेतात. ही मदत उन्हाळी हंगामापुरतीच असते, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथल्या नगरपालिकेकडून तारखा विचारून घ्याव्यात. मी हे काम मुलीवर सोपवलंय.

पैशाचं काय, असं कुणीही विचारील. किनाऱ्यावर रंगीत छत्र्या आणि गाद्यांच्या रांगा दिसतात, त्या खासगी चालकांच्या; तिथं भाडं पडतं. पण किनारा सगळ्यांचा आहे. फ्रान्सच्या १९८६ च्या कायद्यानं समुद्रापर्यंत पायी जाणं सर्वांना मोकळं आणि फुकट आहे. नैसर्गिक किनाऱ्याचा किमान ८० टक्के भाग मोकळा ठेवावा, असा २००६ चा नियमही आहे. तेव्हा आपली चटई अंथरून खुशाल बसावं. सार्वजनिक किनाऱ्यांवर सिगारेट ओढायला २०२५ च्या उन्हाळ्यापासून देशभर बंदी आहे, हेही आपल्या पथ्यावरच.

आता कपडे. हा विषय घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावा. तिथं काही बायका कमरेवर कपडा न घालता ऊन खात पडलेल्या असतात आणि कोणी वळून पाहत नाही. आपणही पाहू नये! उलट बाजूनं, अंगभर पोहण्याच्या पोशाखावर २०१६ मध्ये काही गावांनी बंदी घातली होती. त्यांपैकी एका गावाचा आदेश तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित केला. तरी किनाऱ्यावरचा नियमांचा फलक वाचावा. अव्वा इरकल नेसूनच जाणार आहेत. ओचा जरा वर खोचला की पाय भिजवायला किती वेळ लागतो?

पाण्यात उतरण्याआधी झेंडा पाहायचा. हिरवा असेल तर ठीक, पिवळ्याला जपून, लाल असेल तर उतरायचं नाही. जांभळा झेंडा म्हणजे पाणी दूषित किंवा त्यात जेलीफिशसारखे जीव. जेलीफिश डसलाच तर जागा समुद्राच्याच पाण्यानं धुवावी, गोड्या पाण्यानं नव्हे. मदतीसाठी नंबर ११२. भरती-ओहोटी तिथं जेमतेम वीतभर असते, त्यामुळे पाण्यापासून थोडं वर ठेवलेल्या चपला वाहून जाण्याची भीती कमी. चोरांची मात्र आहे. एकानं सामानापाशी बसायलाच हवं.

खाण्याची चिंता लिंगायत घरात आधी! नीसचं प्रसिद्ध सॅलड शाकाहारी नसतं, त्यात मासे असतात. पण 'सोका' नावाचा प्रकार म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं मोठं धिरडंच. पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. मी चटणीपुडी सोबत नेणार आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. मुलांकडे उतरणार असाल, तर त्यांनी तिथल्या नगरपालिकेतून पाहुण्यांच्या निवासाचा दाखला काढून मूळ प्रत पाठवावी लागते. त्याला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

आणि किनारा निवडताना घरातल्या सर्वांत दुखऱ्या पायांच्या माणसाला आधी विचारा. बाकीचे काय, कुठेही पोहतील.