रेघ पेन्सिलीची असेपर्यंत

पहाटे ५.३०
दिवेघाट चढताना अजून अंधारच असतो. सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीच्या बाजूला जायचं. तिथल्या एका शिक्षणसंस्थेला मुलींचं वसतिगृह बांधायचंय. मी एस्टिमेटर. गाडीत मागच्या सीटवर नकाशांची गुंडाळी आहे आणि ती अजून कच्ची आहे, याचंच मला बरं वाटतंय. आराखडा महापालिकेत किंवा नगररचनेकडे गेला, सळईचे तक्ते निघाले, टेंडर सुटलं, की मग मला बोलावण्यात फारसा अर्थ उरत नाही. तरी बहुतेक जण तेव्हाच बोलावतात.

आज करायचंय ते व्हॅल्यू इंजिनीअरिंग. इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीला ‘तू इथे कशासाठी?’ असं विचारायचं. मग तेच काम कमी खर्चात, किंवा तेवढ्याच खर्चात अधिक चांगलं होतं का, ते बघायचं. शास्त्रोक्त कार्यशाळा चाळीस तासांची असते. आपल्याकडे सगळी मंडळी एका टेबलाभोवती एक दिवस बसली, तरी ती मोठी गोष्ट.

सकाळी ८.००
आधी जागा. जमीन पाहिल्याशिवाय मी टेबलाशी बसत नाही. काल खणून ठेवलेल्या चाचणी खड्ड्यात मिस्त्री उतरले आणि टेप लावून खालूनच ओरडले, “ताई, काळी सव्वादोन मीटर. खाली मुरूम लागलाय.”

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि वर बांधलेल्या घरालाही तेच करायला लावते. इथे त्यात आणखी एक भर आहे. प्लॉटच्या पूर्वेला बांधाला लागून ऊस आहे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा. म्हणजे त्या बाजूची माती जवळपास वर्षभर ओली आणि पश्चिमेची मेमध्ये ठणठणीत कोरडी. एकाच इमारतीखाली एक बाजू फुगणार आणि दुसरी आकसणार.

नकाशात मात्र तळघर दाखवलंय, मेससाठी. त्याचं कारण मी सचिवांना फोनवरच विचारलं होतं. ते म्हणाले होते, “पायासाठी एवढं खणतोच आहोत, तर तळघर करून टाकू. जागा फुकटात मिळते.” फुकटात मिळणारी जागा मी तरी अजून पाहिलेली नाही. फुगणाऱ्या मातीचा भिंतींवर येणारा दाब, कालव्यामुळे वर आलेलं भूजल, त्यासाठीचं वॉटरप्रूफिंग, पाणी उपसायचा पंप आणि तो पंप चालवणारा माणूस, हे सगळं त्या फुकटात बसतं.

सकाळी ९.३०
संस्थेच्या सभागृहात आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर, प्लंबिंग आणि विजेचे सल्लागार, सचिव, मिस्त्री. आणि वॉर्डनबाई. त्यांना बोलवा हा माझा हट्ट होता. सचिवांना ते जरा विचित्र वाटलं असावं, कारण बाई एकदम कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांना नकाशाजवळ घेतलं.

सुरुवातीला मी जुनी गोष्ट सांगते, कारण ती सांगितली की कुणाला राग येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मालाची टंचाई होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लागेल ते मिळेना, म्हणून पर्यायी वस्तू वापराव्या लागल्या, आणि त्यातल्या कित्येक स्वस्त असून जास्त चांगल्या निघाल्या. तिथले इंजिनीअर लॉरेन्स माइल्स यांनी १९४७च्या सुमारास याची पद्धत बसवली. त्यांचा ॲस्बेस्टॉसचा किस्सा प्रसिद्ध आहे. रंगकामाच्या जागी जमिनीवर अंथरायला कंपनीला ॲस्बेस्टॉसचे पत्रे हवे होते. विक्रेत्याने विचारलं, “कशाला हवेत?” आग लागू नये म्हणून, असं उत्तर मिळाल्यावर त्याने न जळणारा स्वस्त कागद दाखवला. कंपनीच्या अग्निसुरक्षा नियमात ॲस्बेस्टॉस असंच लिहिलेलं, म्हणून आधी नकार आला. नियम बदलायला वेळ लागला. (ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना किती घातक, हे जगाने नीट मनावर घेतलं ते पुढे.)

सकाळी १०.१५
फळ्यावर दोन रकाने. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचं काम, तेही दोनच शब्दांत. कॉलम: भार वाहणे. गच्चीचा थर: पाणी अडवणे. खिडकी: हवा घेणे, उजेड घेणे. इथपर्यंत सोपं असतं.

मग आलं स्टिल्ट, म्हणजे इमारतीच्या पोटातलं खांबांवरचं पार्किंग. काम: गाड्या ठेवणे. वॉर्डनबाई पहिल्यांदा बोलल्या, “मुलींच्या गाड्या कुठायत? पाचपन्नास सायकली, थोड्या स्कूटी.” नियमात असेल तेवढं पार्किंग द्यायलाच हवं, त्यात कुणी सूट मागत नाहीये. पण ते इमारतीच्या पोटातच का? आवारात जागा आहे, झाडं लावली तर सावलीही होईल. आर्किटेक्टने प्रामाणिकपणे सांगितलं की पुण्यातल्या मागच्या कामाचा नमुना पुढे ओढला गेला. हे नेहमीचंच आहे. निम्म्या नकाशात मागच्या इमारतीची भुतं असतात.

स्ट्रक्चरल इंजिनीअरला तर स्टिल्ट नकोच होतं. भिंती नसलेला मजला भूकंपात सगळ्यांत आधी दगा देतो. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात अहमदाबादेत अशा खांबांवर उभ्या कित्येक इमारती कोसळल्या.

एवढ्यात मी बाईंना विचारलं, “यात नाही, पण तुम्हाला लागतं, असं काय?” त्या म्हणाल्या, “कपडे वाळत घालायची जागा.” शंभर-सव्वाशे मुली. गच्चीला कुलूप. नकाशात दोरीला जागाच नव्हती. म्हणजे खिडक्यांच्या गजांवर ओले कपडे, खोलीत दमट हवा, दोन वर्षांत गजांना गंज. बाईंचं ते एक वाक्य फळ्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलं. ज्या कामाला वस्तूच नाही ते शोधणं, हाही या पद्धतीचाच भाग आहे. बचत-बचत करणाऱ्यांना तो दिसत नाही.

दुपारी १२.००
आता कल्पना, आणि या तासाला नियम एकच: नाही म्हणायचं नाही. कल्पनांचा पाऊस पडतो, त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी असतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आपल्याकडे रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत आली: विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, साधारण चौथाई विटा वाचतात आणि भिंत थंड राहते. एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक आले. खिडक्यांच्या सात मापांची दोन मापं करा, असं आलं. संडास-बाथरूम प्रत्येक मजल्यावर एकावर एक आणा, म्हणजे पाइप सरळ उतरतील, हे प्लंबिंगवाल्यांनी सांगितलं. त्यांच्या मते ते कधीपासून सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं.

दुपारी १.१५
मेसमध्ये जेवण. शेंगदाण्याची आमटी, भाकरी. जेवता जेवता मी आचाऱ्याला विचारलं, सिलिंडर कुठे ठेवता? त्याने मागच्या उघड्या पडवीकडे बोट दाखवलं. तळघरातल्या मेसचा निकाल तिथेच लागला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो वर जाऊन उडून जात नाही, खाली साचतो. तळघरात त्याला बाहेर पडायला वाटच नाही. पैशांचा हिशेब मांडायचीही गरज उरली नाही.

दुपारी २.००
निवड आणि आकडे. हा खरा दीड तास, आणि यात आवाज चढतात.

स्टिल्ट आणि तळघर गेलं. मेस बाजूला बैठ्या इमारतीत, पत्र्याच्या उतरत्या छपराखाली. मुख्य इमारतीत मजले चारच, पण आता जमिनीपासून. आधीची उंची स्टिल्टसकट साडेसतरा मीटरच्या आसपास जात होती. आर्किटेक्टने मजला ३.६ मीटरचा धरला होता, एसीचे डक्ट जातील अशा हिशेबाने. एसी कुठेच नाही. सगळ्यांना मान्य झालं ते ३.३. चार मजले, वर ०.६चं जोतं: १३.८ मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ‘हायराइज’ ठरते. त्याखाली राहिलो तर अग्निशमनाच्या अटी सुटत नाहीत, पण हलक्या होतात.

फक्त ३० सेंटिमीटर. इमारतीचा परीघ ११० मीटर, चार मजले, म्हणजे बाहेरची भिंत १३२ चौरस मीटरने कमी. आतल्या भिंती मजल्याला २०० मीटर धरल्या तर आणखी २४०. दोन्ही बाजूंचा गिलावा, रंग, जिन्याच्या पायऱ्या, पाइपांची लांबी, सगळंच त्यामागून उतरतं. टेंडर निघाल्यावर ही ३० सेंटिमीटर कुणी काढून दाखवावीत.

सगळंच स्वस्त झालं असं मात्र नाही. स्टिल्ट गेल्यावर तळमजल्याची फरशी थेट काळ्या मातीवर येते. इंजिनीअरने बजावलं: जोत्याखालची काळी काढून मुरूम भरून दाबावा लागेल, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात फरशी उचलेल. तो खर्च मी वाढवूनच धरला. पाये मुरुमातच न्यायचे. उसाच्या बाजूने बांधाला समांतर चर आणि इमारतीभोवती रुंद फरसबंदी, म्हणजे पाणी दूर राहील. मजल्याची उंची घटल्याने वरचा मजला तापेल, ही वॉर्डनबाईंची शंका रास्त होती. म्हणून गच्चीवर पांढऱ्या चिनी मोझेकचा थर. हेही पैसे वाढले. व्हॅल्यू इंजिनीअरिंग म्हणजे कात्री, असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा असल्या टेबलाशी बसावं.

भिंतींवरून मिस्त्री आणि आर्किटेक्ट यांची जुंपली. वीटकामाचं वजन घनमीटरला १,९०० किलोच्या घरात, एएसीचं त्याच्या जवळपास एक तृतीयांश. भिंती हलक्या झाल्या की सळई आणि पाया दोन्ही कमी लागतात. मिस्त्री म्हणाले, “ताई, त्याच्यात खिळा धरत नाही. पोरी आरसे लावणार, कपाटं ठोकणार.” खिळा धरत नाही हे खरंय, वेगळे स्क्रू लागतात. शिवाय भट्ट्या इथल्या, ब्लॉक लांबून येणार. संडासाच्या भिंती विटांच्या, खोल्यांच्या मधल्या एएसीच्या, आणि प्रत्येक खोलीत आरसा-शेल्फसाठी आधीच पट्टी, असं ठरतंय. मन पूर्ण मानत नाही. दोन्हींचे दर पुढच्या आठवड्यात येतील, मग बघू.

दुपारी ४.००
अध्यक्ष आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी नकाशा बघायच्या आधी विचारलं, “समोरची काच राहिली ना?” दर्शनी बाजूला तीन मजली काच होती, पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता त्या काचेमागे अभ्यास कोण करणार?

पण मी लगेच विरोध केला नाही. माइल्स यांच्या मांडणीतही वस्तूची दोन कामं असतात, एक उपयोगाचं आणि एक मानाचं. देणगीदार रस्त्यावरून जाताना गाडी थांबवून बघणार, हे अण्णांच्या दृष्टीने इमारतीचं खरंखुरं काम आहे. तेव्हा प्रश्न काच हवी की नको असा नव्हता. रस्त्यावरून दिसेल असं काहीतरी, पण खोल्या तापवणार नाही असं, काय करता येईल? आर्किटेक्टने तिथल्या तिथे पेन्सिलीने काढून दाखवलं: पश्चिमेला व्हरांडा, त्याला विटांची जाळी, आत कपडे वाळवायच्या दोऱ्या. जाळीमुळे कपडे बाहेरून दिसणार नाहीत, वाऱ्याने वाळतील, आणि खोल्यांवर सावली पडेल. बाईंची मागणी आणि अण्णांचा मान एकाच भिंतीत बसला. अण्णा थोडा वेळ बघत राहिले. “प्रवेशद्वारावर काच ठेवा तेवढी,” म्हणाले. ठेवली.

संध्याकाळी ५.३०
परतीचा रस्ता. जेजुरीच्या अलीकडे फोन. पुण्यातला एक बिल्डर, तिसरा स्लॅब टाकून झालेला. “मॅडम, व्हॅल्यू इंजिनीअरिंग करून आठ टक्के काढून द्या.” आता काढायचं काय? पाया गाडला गेला, कॉलमची जाळी पक्की, उंची पक्की. फ्लॅट विकलेत. महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पाच्या आराखड्यात किंवा सामायिक जागांत मोठे बदल करायचे, तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. उरतात टाइल्स, नळ, दरवाजे, रंगाचे हात. हे स्वस्तातलं घेणं झालं, आणि त्याला भारदस्त नाव द्यायला मी तयार नाही. स्टॅनफर्डचे बॉइड पॉल्सन यांनी १९७६ मध्ये याचा आलेखच मांडला: काम पुढे सरकतं तसा खर्च चढत जातो आणि खर्चावर परिणाम करायची ताकद कोसळत जाते. माझ्याकडे येणारे बहुतेक फोन त्या आलेखाच्या उजव्या टोकाकडून येतात.

याला एक कारण फीसुद्धा आहे. सल्लागाराला बांधकाम खर्चाच्या टक्क्यात पैसे मिळत असतील, तर खर्च कमी करणं म्हणजे स्वतःचंच बिल कमी करणं. आजच्या आर्किटेक्टने आणि इंजिनीअरने दिवसभर तेच केलं, ही त्यांची चांगुलकी. चांगुलकीवर व्यवस्था चालत नाही. या कामासाठी ठोक फी ठरवा, असं मी सचिवांना निघताना सांगितलंय. ते “बघतो” म्हणाले.

रात्री ९.१५
टिपणं साफ करून मेल पाठवली. काय ठरलं, काय अर्धवट, कोणी काय आणायचं. तळघर, स्टिल्ट: रद्द. मजला ३.३: मान्य. भिंती: दर आल्यावर. माती परीक्षणाचे आणखी दोन खड्डे उसाच्या बाजूला, ते पहिल्या पावसाच्या आत.

दहा मिनिटांत आर्किटेक्टचं उत्तर: जाळीच्या व्हरांड्याची रुंदी दीड मीटर धरतो, दोन बादल्या आणि एक मुलगी सहज जाईल का, ते वॉर्डनबाईंना विचारून सांगा.