बंद पडलेला बोर्ड फेकू नका, वाचायला शिका!



रत्नागिरीजवळचं भाट्ये बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काजळी नदीची खाडी. खाऱ्या, दमट हवेत बोर्डावरचं तांबं हिरवं पडतं, ट्रॅक तुटतो. मग इन्व्हर्टर असो की वॉशिंग मशीन, गिऱ्हाइकाला एकच उत्तर मिळतं: "अख्खा बोर्ड बदला." तुमचा धंदा इथेच आहे!

त्यासाठी बोर्ड 'वाचता' यायला हवा. तयार वस्तू उघडून ती कशी चालते ते शोधायचं, यालाच रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतात. सुरुवात अशी करा:

1. आधी जीव सांभाळा. 230 व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठतो. प्लग काढला तरी तो राहू शकतो. योग्य रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटरने तपासा, मगच हात लावा.

2. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. एक फोटो आरशासारखा उलटा करून दुसऱ्यावर ठेवा. कोणता ट्रॅक कुठे जातो ते दिसेल.

3. चिपवरचा नंबर शोधून डेटाशीट उघडा. कोणत्या पिनवर काय हवं ते तिथे असतं.

4. मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघत सर्किट वहीत काढा. चांगला बोर्ड हाती आला की त्याचे व्होल्टेजही लिहून ठेवा.

आता हिशोब. पहिल्या बोर्डाला अख्खा दिवस जाईल, मजुरी मात्र एकाच कामाची मिळेल. पण तेच मॉडेल पुन्हा आलं की वही उघडायची आणि थेट दोषाच्या जागी जायचं. खरी कमाई दुसऱ्या बोर्डापासून! म्हणून दहा वस्तूंमागे धावू नका. तुमच्या भागात जास्त दिसणारी दोन-तीन मॉडेल्स धरा. वही हेच तुमचं भांडवल.

दुरुस्तीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करा, वाळवा, वर कन्फॉर्मल कोटिंग द्या. किनाऱ्यावर हे केलं नाही, तर तोच बोर्ड परत येईल.

एक मर्यादा पाळा. दुरुस्तीसाठी अभ्यास वेगळा, नक्कल करून विकणं वेगळं. 2000 च्या सेमीकंडक्टर लेआउट-डिझाइन कायद्यातही चिपच्या रचनेचं विश्लेषण, संशोधन आणि शिकवणं यांना मोकळीक आहे. पण कंपनीचा प्रोग्रॅम उतरवून विकायचा नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, तेही बघून ठेवा.

या आठवड्यात भंगारातला एकच बोर्ड आणा आणि वहीचं पहिलं पान भरा. दुकानाचा बोर्ड नंतर लावू!