वाणाच्या वड्यांचा रंग

सकाळी ७

भाचीचं लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू. संक्रांतीला अजून तीन आठवडे आहेत, पण वाणाची फर्माईश कधीच येऊन पडली आहे. घरच्या साबणाच्या वड्या हव्यात, त्याही दोन थरांच्या, वर हळद आणि खाली कुंकू. शिवाय काही वड्या काळ्या, चंद्रकळेच्या रंगाच्या, त्यावर हलव्याचे पांढरे ठिपके. आणि वास तिळगुळाचा! फोनवर हे सगळं सांगायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

खिडकीत पंधरवडाभर ठेवलेल्या नमुन्याच्या वड्या आत घेते. प्रत्येकीचा अर्धा भाग फॉइलमध्ये गुंडाळलेला, अर्धा उन्हात उघडा. हळदीच्या वडीचं फॉइल सोलते. झाकलेला भाग नारिंगी-विटकरी झालाय, उघडा भाग मळकट बदामी. आपल्याकडे तरी याचं नवल वाटू नये. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि जुनं कुंकू याच गुणावर तयार व्हायचं. साबणही अल्कधर्मीच, पीएच ९-१० च्या आसपास, त्यामुळे हळद तिथे पिवळी राहायला तयार नसते. उरलंसुरलं काम ऊन करतं. बीटची पूड तपकिरी पडलीय, जास्वंदीची लाली जाऊन राखाडी आलीय, कडुनिंब पहिल्या दिवशी हिरवा होता तो आता खाकी. बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं वाचून हुरळणाऱ्यांना मी ही खिडकी दाखवते.

पिवळा आणि लाल आयर्न ऑक्साइड, निळं अल्ट्रामरीन आणि कोळसा मात्र जसेच्या तसे. यांच्यावर फॉइलची रेघ शोधावी लागते.

९

पुड्या बाहेर काढते. आयर्न ऑक्साइड म्हणजे गेरूच्याच कुळातला रंग आणि अल्ट्रामरीन म्हणजे कपड्यांना घालायच्या निळीच्या पुडीतलं द्रव्य. म्हणून कुणी कुंडीवाल्याचा गेरू किंवा धुण्याची नीळ साबणात घालू नये. रांगोळीचे रंग आणि होळीचा गुलाल तर नाहीच नाही. अंगाला लागायचा रंग सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचा हवा. आपल्याकडे अशा रंगांची यादी आयएस ४७०७ या मानकात आहे, आणि त्यांत शिसं २० पीपीएमच्या व आर्सेनिक २ पीपीएमच्या वर चालत नाही. दुकानदाराला दर्जा विचारला की तो ‘सगळे हेच नेतात’ म्हणतो. हे उत्तर नव्हे. ज्या पुडीवर दर्जा छापलेला नाही, ती मी घेत नाही. माझ्या वड्या घरात वाटायच्या आहेत. विकायच्या असत्या तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली परवाना काढावा लागला असता.

कोरडी पूड थेट पातळ बेसमध्ये टाकली की गुठळ्या होतात, त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. म्हणून वाटीत आधी चमचाभर ग्लिसरीन, त्यात पूड, आणि चमच्याच्या पाठीनं घोटणं. बशीला घासलं तरी कण दिसेनासा झाला की थांबायचं.

साडेदहा

बेसचे चौकोनी तुकडे करून दुहेरी भांड्यात ठेवते. हा साबण आधीच झालेला असतो, कॉस्टिकची भानगड नाही, फक्त वितळवायचा आणि ओतायचा. ६५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. उकळला की पाणी उडतं आणि वडी चिवट होते.

बेस कोणता घ्यायचा, यावरच निम्मा रंग ठरतो. पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, त्यात लाल घातलात की गुलाबी मिळतो, कितीही घाला. गडद रंगाला पारदर्शकच हवा. पिवळ्यासाठी दोन्ही निम्मे घेते. पातेल्यातला रंग फसवा, म्हणून थेंबभर पांढऱ्या बशीवर टाकून थिजू देते आणि खिडकीशी नेऊन बघते. पिवळं ऑक्साइड लिंबासारखं झगझगीत होत नाही, भंडाऱ्याकडे झुकतं. हळद म्हणून मला तेच पटतं.

पावणेबारा

लालचा पेच इथे. कुंकवाचा झळझळीत लाल पाण्यात विरघळणाऱ्या रंगानंच येतो आणि तो रंग एका जागी बसत नाही. दोन थर चिकटलेले असले की आठवड्याभरात पिवळ्यात शिरतो आणि मधली रेघ केशरी होऊन फिसकटते. खाण्याच्या रंगांचंही तेच. कार्माइन सुंदर दिसतं, पण ते किड्यांपासून काढतात. हळदीकुंकवाला येणाऱ्या निम्म्याअधिक बायका शाकाहारी, त्यांच्या हातात न सांगता ते द्यायचं मला जमणार नाही. राहिलं लाल ऑक्साइड. ते एकटं विटकरी दिसतं. चिमूटभर गुलाबी अल्ट्रामरीन मिसळलं की जरा डाळिंबी होतं. कुंकू नाहीच, पण जागचं हलत नाही.

भाचीला फोटो पाठवते. लगेच फोन.

“मावशी, हे कुंकू नाही गं, कौल आहे!”

“कौल तर कौल. संक्रांतीला दोन्ही थर जिथल्या तिथे असतील.”

“आणि थोडा तो लिक्विड रेड घातला तर?”

“रथसप्तमीला फोन करून रडशील.”

दुपारी २

काळ्याची फेसपरीक्षा. किलोभर पारदर्शक बेसला सक्रिय कोळशाचा एक सपाट छोटा चमचा पुरतो. हात सैल सोडला की काळा फेस आणि काळा टॉवेल. नमुन्याची वडी ओल्या पांढऱ्या पंचावर घासते. फेस पांढरा, पंचा स्वच्छ.

३ ते ५

ओतणं. लाल थर आधी. वर बुडबुडे आले की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारायचा, लगेच फुटतात. थर वरून थिजलेला पण आतून कोमट असताना पुन्हा फवारा, आणि मग पिवळा, ५० अंशांच्या आसपास. त्याहून गरम ओतला तर खालचा थर वितळतो, गार ओतला तर न्हाणीघरात दोन्ही थर सुटे होतात. काळ्यात पांढऱ्या बेसचे आधीच पाडलेले ठिपके. या दोन तासांत फोन उचलत नाही.

साडेसहा

तिळगुळाच्या वासाची बाटली. गूळ-कॅरॅमलच्या या सुगंधात व्हॅनिलिन असतं आणि ते साबणाला दिवसेंदिवस तपकिरी करत जातं. काळ्या वडीत घातलं असतं तर हलव्याचे दाणे महिन्याभरात चहात बुडवल्यासारखे झाले असते. म्हणून काळ्यांना आणि दोन थरांच्या वड्यांना मोगरा, तोही व्हॅनिलिन नसलेला.

तिळगुळाची सोय वेगळी. पांढऱ्या बेसमध्ये फक्त हा सुगंध, रंग काहीच नाही, आणि छोट्या चौकोनी साच्यांत ओतून मोकळी होते.

साडेआठ

भाची ऑफिसातून परस्पर आली. साच्यातून काढलेल्या वड्या मी लगेच प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळते, नाहीतर ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून दवासारखे थेंब धरतं. हिवाळ्यात कमी, पण धरतं. तिनं काळी उचलली, वास घेतला, खूश झाली. दोन थरांच्या वडीकडे बघून “बरी दिसतेय की,” एवढंच म्हणाली. मग तिचा हात चौकोनी वड्यांकडे गेला.

“या पांढऱ्या का? तिळाची वडी म्हणाली होतीस ना?”

“भोगीच्या दिवशी उघडून बघ.”

“म्हणजे रंग नंतर देणार?”

“मी नाही देणार.”

तिनं संशयानं एक वडी दिव्याखाली धरली, मग आपली मोजून पिशवीत भरायला लागली.