वय नव्हे, बळ पाहावे

“ऐंशी वर्षांच्या माणसाचे ऑपरेशन कशाला करता?” गेल्या पावसाळ्यात माझी आजी अंगणात घसरून पडली, तिचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा पारनेर तालुक्यातील आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने हाच प्रश्न केला. डॉक्टरांनी मात्र निराळेच विचारले. वर्षभरात आजींचे वजन घटले का? चाल मंदावली का? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. आपण तिला जराक्षीणता म्हणू. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिची ५ लक्षणे मांडली : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी ३ आढळली, की माणूस क्षीण समजावा. मग वय काहीही असो.

आपल्या दुष्काळी जिल्ह्याला यामागचे कारण सहज उमगावे. कणगीत दाणे असले, तर एक कोरडे साल निभावते. शस्त्रक्रिया हे शरीराचे कोरडे साल होय. जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिने शरीर स्नायूंतून काढते. स्नायूच झिजलेले असतील, तर खोकण्याचे बळ उरत नाही, छातीत कफ साठतो, उठणे लांबते. आणि अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात. कित्येकांना रात्री भ्रम होतो. १० दिवस अंथरुणात ठेवलेल्या निरोगी वृद्धांच्या पायांतील जवळजवळ १ किलो मांस झडल्याचे २००७ मधील एका प्रयोगात दिसले होते.

मग क्षीण माणसाची शस्त्रक्रिया करूच नये काय? तसे नव्हे. खुबा मोडला असता विलंब हाच बहुधा मोठा शत्रू असतो. तेथे क्षीणता ओळखायची ती पुढची काळजी आखण्यासाठी : लवकर उठवून चालवणे, पुरेसा आहार, उशाशी ओळखीचे माणूस. गुडघा किंवा हर्निया यांसारखी थांबू शकणारी शस्त्रक्रिया असेल, तर आधी काही आठवडे डाळ, दूध, अंडी आणि रोजचा व्यायाम देऊन कणगी भरून घेता येते.

ही पारख करायला मोठे यंत्र लागत नाही. एक खुर्ची, एक घड्याळ, एक वजनकाटा पुरे. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियाही आरोग्याची राखण करू शकतात, हे दाखवून दिले. वृद्धांची अशी पाहणी गावोगाव का होऊ नये?

आजीचे हाड जुळले. पण काठी धरून ओसरीपर्यंत यायला तिला ५ महिने लागले. शेजारच्या आत्याबाई तिच्याहून ४ वर्षांनी मोठ्या. त्यांचाही खुबा मोडला होता. त्या दीड महिन्यात देवळात जाऊ लागल्या. पडण्यापूर्वी वर्षभर आजीच्या बांगड्या सैल होत होत्या, जेवण चहात बुडवलेल्या भाकरीवर आले होते. आम्ही सारे म्हणत होतो, “वय झाले, चालायचेच.”

वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या आजीचा हात हातात घ्या, आणि तिची पकड किती घट्ट आहे ते पाहा.