३८ + ४५ = ३८४५ !

मित्रांनो, वरचं गणित चुकलेलं नाही. निदान जावाच्या मते तरी नाही! मागच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला माझ्या प्रोग्रॅमने हेच उत्तर दिलं. दोन विषयांच्या मार्कांची बेरीज करून ‘टोटल’ छापायची, एवढंच काम होतं. एक्स्टर्नल सरांनी स्क्रीनकडे बघून शांतपणे विचारलं, “दोनशेपैकी ना?” मी घाईघाईने बेरजेला कंस घातला, ८३ आलं. मग सर म्हणाले, “कंस का घातला?” काय सांगणार? मैत्रिणीच्या जर्नलमध्ये होता म्हणून! व्हायवाचे मार्क गेले, पण त्या दिवशी घरी येऊन मी हा विषय मुळापासून वाचला.

भानगड अशी आहे. मेमरीत ८३ ही संख्या ३२ बिट्समध्ये असते. शेवटचे सात बिट्स १०१००११ आणि त्याआधी सगळी शून्यं. स्क्रीनवर दिसतात ती मात्र दोन कॅरेक्टर्स. इंग्रजी आठचा कोड ५६ आणि तीनचा ५१. म्हणजे संख्या वेगळी आणि तिचं लिहिलेलं रूप, म्हणजे स्ट्रिंग, वेगळी.

जावात ‘+’ या चिन्हाला दोन कामं आहेत. दोन्हीकडे संख्या असतील तर बेरीज. एका जरी बाजूला स्ट्रिंग असेल तर दुसरी बाजूही स्ट्रिंग करायची आणि दोन्ही जोडायच्या. हे काम डावीकडून उजवीकडे चालतं. माझ्या ओळीत सुरुवातीलाच ‘टोटल’ ही स्ट्रिंग होती. तिला ३८ चिकटले, मग ४५ चिकटले. झालं! कंस घातला की आधी बेरीज होते. गंमत म्हणजे ‘मार्क’ हा शब्द शेवटी टाकला असता, तर कंसाशिवायही ८३ आलं असतं.

इंटची स्ट्रिंग मुद्दाम करायची असेल तर इंटिजर.टूस्ट्रिंग किंवा स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ वापरायचं. दुसरं आतून पहिल्यालाच हाक मारतं, त्यामुळे कुठलंही वापरा. पण इंटच्या व्हेरिएबलपुढे डॉट देऊन टूस्ट्रिंग लिहिलं तर कंपायलर ओरडतो. कारण साधा इंट हा ऑब्जेक्टच नाही, त्याला मेथड्स नसतात.

आत नेमकं काय होतं? शाळेतला भागाकार! ८३ ला १० ने भागा, बाकी ३. उरलेल्या ८ ला पुन्हा भागा, बाकी ८, भागाकार शून्य, थांबा. अंक उलटे मिळतात, म्हणून उजवीकडून डावीकडे भरत जायचं. प्रत्येक बाकीत ४८ मिळवले की त्या अंकाचा कोड तयार, कारण इंग्रजी शून्याचा कोड ४८ आहे.

ऋण संख्या आली तर आधी धन करून घेऊ, असं वाटतं ना? इथेच फसायला होतं. इंटमध्ये सर्वांत लहान संख्या -२१४७४८३६४८, पण सर्वांत मोठी २१४७४८३६४७. म्हणजे सर्वांत लहान संख्येला धन करायला जागाच नाही! जावा ८ च्या लायब्ररीत या एका संख्येसाठी उत्तर सरळ लिहूनच ठेवलं होतं. जावा ९ पासून उलटी युक्ती आहे, धन संख्येलाच ऋण करून भागाकार करतात.

आता माझा आवडता भाग. ४८ ऐवजी २४०६ मिळवून बघा. स्क्रीनवर चक्क मराठी ८३ उमटतात, कारण युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा कोड २४०६ आहे. आणि उलट्या दिशेने जायचं असेल तर इंटिजर.पार्सइंटला मराठी अंकांची स्ट्रिंग द्या, तेही तो बिनतक्रार वाचतो!

मी कॉन्व्हेंटवाली. रिक्षावाले काका “एकोणसाठ झाले” म्हणाले की मी अजून मीटरकडे बघते, फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन? पैसे तेवढेच असतात, गोंधळ फक्त त्या रूपाचा. परीक्षेत माझं नेमकं हेच झालं होतं.

तेव्हा आता कंस का घातला, हे मला कोणीही विचारा. फक्त एकोणऐंशी म्हणजे किती, ते विचारू नका!